बोला, मी ऐकतेय

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं सांगलीकडच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर मुलीकडे लंडनला गेले आणि तिथं एक भलतंच काम पत्करलं. स्पेनमध्ये जाऊन आठवडाभर इंग्रजीत गप्पा मारायच्या! पगार नाही. विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. माद्रिदहून पुढची बस, राहणं आणि जेवणखाण त्यांच्याकडे.

2001 साली सोरिया प्रांतातल्या वाल्देलाविया या ओस पडलेल्या, मग डागडुजी केलेल्या खेड्यात 'पुएब्लो इंग्लेस', म्हणजे 'इंग्रजी गाव', सुरू झालं. त्याच धर्तीचा आमचा कार्यक्रम होता सालामांका प्रांतात, ला अल्बेर्का गावी. निम्मे स्पॅनिश, निम्मे आमच्यासारखे बोलघेवडे. स्पॅनिश शब्द काढायचा नाही. एकास एक असं तासभर बोलायचं, मग जोडीदार बदलायचा. दुपारी दोनच्या आणि रात्री नऊच्या जेवणालाही टेबलावर मिसळूनच बसायचं.

पहिल्याच दिवशी बजावलं गेलं, "तुम्ही इथं शिकवायला आलेला नाहीत."

आता मला सांगा, माझ्यासारखीनं काय करावं? समोरचा 'एस्कूल' म्हणाला, 'एस्पेन' म्हणाला, की माझी जीभ वळवळायची. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'स' आणि त्याला लागून व्यंजन येत नाही, म्हणून आधी 'ए' चिकटतो. आपल्याकडे 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणतात, तसंच. या 'इस्कूल'पायी मी पोरांना बाकावर उभं केलंय, हे तिथं आठवलं आणि जरा ओशाळायला झालं.

माझ्या वाट्याला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, माद्रिदच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करणारे. ईमेल झकास लिहायचे. पण दर गुरुवारी त्यांना फोनवर बोलावं लागायचं, आणि कुठं म्हणाल? पुण्याच्या ऑफिसशी! "ती माणसं फार भराभर बोलतात," ते म्हणाले. "मी नुसतं येस येस म्हणतो आणि फोन ठेवल्यावर घाम पुसतो." मी गप्प बसले. त्या भराभर बोलणाऱ्यांत माझाच एखादा विद्यार्थी असायचा!

तिथं फोनवर बोलण्याच्या सरावाचाही एक तास असतो. तुम्ही तुमच्या खोलीत, ते त्यांच्या खोलीत. चेहरा नाही, हातवारे नाहीत. पहिल्या फोनला "हॅलो" झालं आणि पुढं काहीच नाही. मला श्वास ऐकू येत होता. वर्गात मी तीन सेकंदांवर वाट पाहिली नसेल. उत्तर मीच देऊन मोकळी. इथं मी म्हणाले, "बोला, मी ऐकतेय," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडून हळूच आलं, मला बैठकीला येता येणार नाही, 'आय अ‍ॅम कॉन्स्टिपेटेड'.

स्पॅनिशमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला, पण इंग्रजीत 'कॉन्स्टिपेटेड' म्हणजे बद्धकोष्ठ झालेला! बिचाऱ्यांना सर्दीच सांगायची होती. पुण्याच्या ऑफिसात हे वाक्य गेलं असतं तर! इथं मात्र मी नियम मोडला, अर्थ सांगितला. क्षणभर शांतता, आणि मग फोनमधून असं हसू फुटलं, की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. त्यानंतर ते चुकायला घाबरेनासे झाले. चुका तेवढ्याच राहिल्या, थांबणं कमी झालं.

एका संध्याकाळी गावात फिरायला गेलो. लाकडी चौकटींत दगडमाती भरलेली जुनी घरं आहेत तिथं. रस्त्यात गळ्यात घंटा बांधलेलं एक डुक्कर ऐटीत हिंडत होतं. गृहस्थ सांगू लागले, हे सान आन्तोन या संताचं डुक्कर. जूनमध्ये त्याला आशीर्वाद देऊन सोडतात, मग सगळं गाव त्याला खाऊ घालतं आणि 17 जानेवारीला सोडत काढून ते देऊन टाकतात. मी म्हटलं, आमच्याकडे देवाच्या नावानं पोळ, म्हणजे वळू, सोडतात. त्यालाही मालक नसतो, कुणाच्याही शेतात शिरला तरी कुणी मारत नाही. त्यांनी विचारलं, "आणि शेवटी त्याला खातात?" मी म्हटलं, "नाही हो!" त्यांना डुकराची कीव आली की पोळाचा हेवा वाटला, ते कळलं नाही. पण त्या दिवशी तास कधी संपला, दोघांनाही समजलं नाही.

शेवटच्या दिवशी बसनं माद्रिदला निघालो. शहर जवळ आलं, नियम सुटला आणि सगळी बस एकदम स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. माझे गृहस्थ मधल्या वाटेत उभे राहून काहीतरी गोष्ट सांगत होते, हात नाचवत, आवाज बदलत, आणि पुढचे-मागचे पोट धरून हसत होते. आठवडाभर शब्द शोधत बसणारा हाच का तो माणूस? मला एक अक्षर कळत नव्हतं. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते थांबले, शेजारी येऊन बसले आणि तीच गोष्ट पहिल्यापासून, सावकाश, इंग्रजीत सांगू लागले.