प्रोजेक्टची आठवण आदल्या रात्री येऊन काय उपयोग?

नमस्कार मंडळी! उद्या सबमिशन, आणि रात्री साडेनऊला पोरगं विचारतंय, "आई, चार्ट पेपर आहे का गं?" मग बाबा नौपाड्यात उघडं दुकान शोधत फिरतायत. शाळेने कळवलं नव्हतं असं नाही हो, व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यापूर्वीच आलेलं असतं, पण त्याच्यावर हॅपी बड्डे आणि थँक्यू मॅमचा ढीग पडलेला असतो. म्हणून मी म्हणते, ईमेल वापरा.

आता गूगल क्लासरूम असेल तर ड्यू डेटची आठवण मेलवर येते, पण ती येते अगदी तोंडावर. खरी गोची तिथेच आहे. १९९४ साली कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला, त्यात थिसिस लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलेलं की किती दिवस लागतील, तर सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! कॉलेजच्या पोरांची ही तऱ्हा, तर आपल्या सातवीतल्याला काय अंदाज येणार?

म्हणून आठवण सबमिशनची नाही, कामाची लावायची. समजा प्रोजेक्ट आहे ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो. २०२२ मध्ये आपल्या खाडीला रामसारचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यामुळे विषय मस्तच आहे, पण फ्लेमिंगो दाखवायला नेणारी ऐरोलीची बोट भरतीच्या वेळेवर सुटते. शुक्रवारी रात्री जाग आली तर रविवारी तुम्हाला सोयीची वेळ मिळेलच असं नाही, समुद्र काय आपल्या शाळेचं टाइमटेबल बघत नाही. म्हणजे पहिला मेल तीन आठवडे आधी, आणि सब्जेक्टमध्येच काम लिहायचं, "ऐरोलीच्या बोटीची वेळ बघ". मग "फोटो प्रिंटला दे". मग "लिहायला बस". नुसतं "प्रोजेक्ट रिमाइंडर" लिहिलंत तर बँकेच्या ऑफरसारखा तो मेलही कोणी उघडणार नाही.

गूगल कॅलेंडरमध्ये एका इव्हेंटला ५ नोटिफिकेशन लावता येतात, ईमेलवरसुद्धा, चार आठवडे आधीपर्यंत. पण दरवेळी मजकूर तोच येतो, म्हणून मला जीमेलचं शेड्यूल सेंड जास्त आवडतं, म्हणजे मेल आज लिहायचा आणि तो ठरवलेल्या दिवशी आपोआप जातो. प्रोजेक्ट मिळालं त्याच संध्याकाळी पोराला शेजारी बसवा, तीन-चार मेल लिहा, मोबाइलवर वरच्या तीन टिंबांतून शेड्यूल करा, झालं. सीसीमध्ये स्वतःला ठेवा. वेळ मात्र क्लास सुटल्यानंतरची टाका, सकाळी अकराला मेल गेला तर तेव्हा तो शाळेत असतो. पोर लहान असेल, स्वतःचं अकाउंट नसेल, तर तुमच्याच मेलवर घ्या आणि त्याला वाचायला द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, नाहीतर ती पुन्हा तुमचीच कटकट होते!

आणि मॅमनी तारीख पुढे ढकलली, जे होतंच, तर जीमेलच्या शेड्यूल्ड फोल्डरमध्ये जाऊन मेल कॅन्सल करा. तो ड्राफ्टमध्ये परत येतो, तिथून नवीन तारीख टाकून सोडून द्या.