हिरवा चुडा आणि हिरवा पडदा

(कॅमेऱ्यासमोर. मागे पोपटी पडदा. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या.)

हे नीट बघा हं. हातात हिरवा चुडा आहे, मागे हिरवा पडदा. आता सॉफ्टवेअरनं पडद्याचा रंग काढते आणि तिथं कासचं पठार आणते.

(मागचं दृश्य बदलतं.)

मनगट गेलं ना? बांगड्यांच्या जागी फुलं दिसतायत आणि पंजा नुसता हवेत तरंगतोय.

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून बोलतेय. गेल्या जानेवारीत आमचं अगदी हेच झालं होतं. आमच्या मित्रमंडळींना लग्नाचं एक गाणं चित्रित करायचं होतं. कासच्या फुलांत उभी असलेली नवरी, ही एक फ्रेम आमच्या दिग्दर्शकाच्या डोक्यात पक्की होती. पण कासची फुलं पावसाळा सरता सरता येतात. जानेवारीत तिथं वाळलेलं गवत आणि उघडा कातळ. आणि खरं सांगते, फुलं असती तरी मी तिला त्यांत उभी करू दिली नसती. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम पातळ थर, त्यात ती इवलीशी रोपं रुजतात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. फोटोसाठी त्या फुलांवर फतकल मारून बसलेली माणसं पाहिली की माझा जीव तुटतो.

माझ्याकडे सप्टेंबरमध्ये पायवाटेवर उभं राहून घेतलेलं कासचं शूटिंग होतं. मग ठरलं, नवरीला आमच्या माडीवरच्या खोलीत उभं करायचं आणि फुलं मागून टाकायची. पोपटी पडदा लावला, दिवसभर शूट केलं, रात्री लॅपटॉपवर बसलो आणि चुडा गायब.

असं का होतं? सॉफ्टवेअरला पडदा कळत नाही, त्याला फक्त रंग कळतो. तुम्ही सांगता, हा हिरवा काढून टाक. मग तो हिरवा कापडाचा आहे की नवरीच्या हातातला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. दुसरी गडबड साडीनं केली. नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत होती. आपल्या डोळ्याला तो पिवळा असतो, पण कॅमेऱ्यासाठी पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. म्हणजे साडीतही हिरवा भरलेलाच! पदराच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

मग हिरवाच पडदा का वापरतात? एक तर आपल्या कातडीत तो रंग फारसा नसतो. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या आणि मोबाइलच्या सेन्सरवर बायर नावाची रचना असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. त्यात दर चार ठिपक्यांतले दोन हिरवा टिपतात, एक लाल आणि एक निळा. हिरव्याची माहिती दुप्पट, त्यामुळे कड स्वच्छ कापली जाते.

पण फिल्मच्या काळात निळ्याचंच राज्य होतं. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याचं तंत्र वापरलं आणि त्या चित्रपटाच्या स्पेशल इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं. पुढे पेट्रो व्लाहोस यांनी निळ्यातून केस, धूर, काच असल्या नाजूक गोष्टी वाचवायची रीत बसवली. म्हणजे निळा काही दुय्यम रंग नाही. आपल्याकडच्या लग्नाला तर मी म्हणेन, निळाच लावा. हिरवा चुडा वाचतो, आणि पिवळा तर निळ्याच्या अगदी विरुद्ध रंग, त्यामुळे अष्टपुत्री आणि हळद दोन्ही सुटे निघतात. निळ्याला प्रकाश जरा जास्त लागतो, तेवढा द्यायचा. आम्ही दुसऱ्या दिवशी निळं कापड आणलं.

कापड घेताना सॅटिन नको, चमकतं. साधं सुती, मोठ्या पन्ह्याचं घ्या, म्हणजे मधे शिवण येत नाही. इस्त्री करा आणि चिमटे लावून ताणून बांधा. सगळी खोली झाकायची गरज नाही. माणूस हात पसरेल तेवढ्यापुरता पडदा मागे असला की पुरे. बाकीची खिडकी, पंखा, कपाट एडिटिंगमध्ये छाटून टाकता येतं.

आता प्रकाश. इथं मात्र घाई करू नका. पडद्याचे दिवे वेगळे आणि माणसाचे वेगळे. पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ उजेड हवा. एक कोपरा उजळ आणि एक काळपट असेल तर तो एक रंग राहत नाही, दहा रंग होतात. माणूस पडद्यापासून निदान सहा फूट पुढे उभा करा, आठ मिळाले तर उत्तम. चिकटून उभं राहिलं की सावली पडद्यावर पडते, आणि पडद्याचा रंग उसळून गालावर, नथीवर, गजऱ्यावर येतो. पांढरा गजरा तर तो लगेच पकडतो. यालाच स्पिल म्हणतात. नंतर काढता येतो, पण काढताना चेहऱ्याची कांतीही जाते.

मोबाइलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर (उजेडाचं माप), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा. समोर एवढा एकरंगी पडदा दिसला की कॅमेरा गोंधळतो आणि शॉट चालू असतानाच रंग बदलतो. ब्यूटी मोड बंद. आणि जमलं तर फोर-केमध्ये शूट करा, व्हिडिओ फुल एचडीच बनवायचा असला तरी. मोबाइल सहसा ४:२:० पद्धतीनं व्हिडिओ साठवतो. त्यात उजेडाची माहिती पूर्ण असते, पण रंगाची लांबीत निम्मी आणि उंचीतही निम्मी. फुल एचडीच्या १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चित्रात रंग फक्त ९६० बाय ५४० चा! आणि आपण कापतोय रंगावरून. फोर-केचं चित्र दोन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणून त्यात रंगच १९२० बाय १०८० चा मिळतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही रंग कापायचं हे काम छान होतं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं केलं. चुडा आला, पदर आला, एकेक केस आला. तरीही नवरी वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारखी दिसत होती.

चूक माझीच होती. हौसेनं मी तिच्या मागून कडक दिवा दिला होता, केसांना सोनेरी कड यावी म्हणून. पण मागचं कास कुठलं? सप्टेंबरमधलं, ढगाळ, थोडं धुकं. तिथं सूर्यच नाही तर सोनेरी कड येणार कुठून? ढगाळ दिवशी सगळं आभाळच दिवा असतं. म्हणून मग दिवे छताकडे वळवले आणि डोक्यावर पांढरी चादर ताणली, म्हणजे उजेड वरून, मऊ, सावलीशिवाय उतरेल. बाजूला टेबल फॅन लावला, कारण पठारावर वारा असतो आणि आमच्या नवरीचा पदर मात्र निपचित लोंबत होता. कॅमेरा मूळ शूटिंगच्या उंचीवर, साडेचार फुटांवर आणला. उंची जुळली नाही तर क्षितिज भलतीकडून जातं आणि कारण कळलं नाही तरी बघणाऱ्याला खटकतं. शेवटी तिच्या चित्रातला काळा रंग किंचित फिका केला, कारण धुक्यात गडद काळं काही उरत नाही. पाय दाखवलेच नाहीत. गुडघ्याच्या वरची फ्रेम घेतली. जमिनीला टेकलेला पाय आणि त्याखालची सावली हे खोटं करायला सगळ्यात अवघड.

म्हणून माझी पद्धत आता उलटी झालीय. आधी मागचं दृश्य घेते आणि वहीत लिहून ठेवते: कॅमेरा किती उंच, कुठली लेन्स, किती वाजले, ऊन कुठल्या बाजूनं. परवा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सकाळी आठला गेले होते, तेव्हाही आधी वही काढली. पडदा त्यानंतर.

आणि माणूस नुसता बसून बोलणार असेल, तर हिरवा-निळा लावूच नका. मांजरपाटावर राखाडी रंगाचे ओबडधोबड फटकारे मारून पडदा करा. जवळ उजेड दिला की तोच पडदा फिका, दूर नेला की गडद. एका कापडात तीन-चार पार्श्वभूमी मिळतात. रंगवलेला पडदा ही तर आपल्याच मातीतली कला. बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत होते आणि त्यांच्या हाताला तिथंच वळण लागलं. हातानं रंगवलेल्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा मला जास्त जिवंत वाटतो. त्याच्यावर त्याच खोलीतला उजेड असतो ना.

शूट संपलं की पडद्याची घडी घालू नका, मोड पडतो आणि प्रत्येक मोडीची सावली पुढच्या शूटला त्रास देते. नळकाम करणाऱ्याकडून प्लॅस्टिकचा लांब पाइप आणा आणि त्यावर गुंडाळा. आमचे तिन्ही पडदे माडीच्या कोपऱ्यात तसेच उभे आहेत. आता हा पोपटी उतरवते आणि निळा लावून तोच चुडा तुम्हाला परत दाखवते.

(पडदा बदलतो. हात वर. मागे कास, मनगटात बांगड्या.)