एक किलो कुंदा, येणे

[दृश्य : रविवार, संध्याकाळचे सहा. उद्यमबागेतला रस्ता. शटर खाली, एका वर्कशॉपच्या माडीवर दिवा.]

आठवड्याचे सहा दिवस इथं बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. फाउंड्रीचे पंखे, लेथ, ग्राइंडर, कास्टिंग घेऊन धावणारे टेम्पो. क्रँकशाफ्ट, पंपाची बॉडी, हायड्रॉलिकचे सुटे भाग... देशातल्या कुठल्या कुठल्या गाड्यांच्या पोटात बेळगावचं लोखंड बसलंय, हे इथल्या माणसालाही पुरतं सांगता यायचं नाही. रविवारी मात्र शटर ओढली जातात, आणि या एका वर्कशॉपच्या माडीवर टीव्ही लागतो, फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यतींसाठी.

जमणारी माणसं सात-आठ. एक टर्नर काका, शहापूरचे, तीस वर्षं लेथवर उभे. वडगावचा एक पोरगा, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन चालवतो. निपाणीकडचे एक मामा, हे बैलगाडी शर्यतीतले. एक कॉलेजची पोरगी, काकांची पुतणी, जिला सगळ्या ड्रायव्हरांचे गुण तोंडपाठ आहेत. आणि मी, कॅमेरा घेऊन आलेला, पण खरं तर याच खोलीत बसून फॉर्म्युला वन बघायला शिकलेला.

भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर आठवड्याचं प्रॉडक्शन लिहितात. हंगाम संपताना त्याच फळ्यावर जगज्जेता कोण होणार याची पैज लिहिली जाते. हरणाऱ्यानं एक किलो कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, आणायचा.

[दृश्य : फळा जवळून. उजव्या खालच्या कोपऱ्यात जुना खडू.]

१२ डिसेंबर २०२१. अबू धाबी. हंगामातली शेवटची शर्यत आणि जगज्जेतेपदासाठी भिडलेले दोन ड्रायव्हर, हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन, दोघेही ३६९.५ गुणांवर. हा अर्धा गुण कुठून आला, हे आधी सांगायला हवं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर पाऊस थांबेना. सेफ्टी कार म्हणजे धोक्याच्या वेळी पुढं राहून सगळ्यांचा वेग रोखणारी गाडी; तिच्या मागून गाड्या नुसत्या फिरवल्या, एकालाही ओव्हरटेक करता आलं नाही, आणि शर्यत झाली असं धरून अर्धे गुण वाटले. काका त्या दिवशी टीव्ही बंद करून उठले होते. "पेरणीच झाली नाही आणि राशीला बसले," एवढंच म्हणाले.

तर अबू धाबी. काका हॅमिल्टनचे, पोरगा व्हर्स्टापेनचा. फळ्यावर पैज. हॅमिल्टन जवळजवळ सगळी शर्यत पुढं. ५८ लॅपमधल्या, म्हणजे फेऱ्यांमधल्या, ५३व्या लॅपला लटिफी या ड्रायव्हरची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार बाहेर आली. व्हर्स्टापेननं पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, जाऊन नवे मऊ, जास्त वेग देणारे टायर घातले. हॅमिल्टन जुन्याच कडक टायरवर राहिला, कारण पिटमध्ये शिरला असता तर पहिली जागा गेली असती. दोघांच्या मधे एक लॅप मागं पडलेल्या पाच गाड्या होत्या.

आधी निरोप आला की या गाड्यांना पुढं जाऊ देणार नाही. काकांनी श्वास सोडला. मग रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी मन बदललं, आणि मागं पडलेल्या सगळ्या गाड्यांना न सोडता फक्त मधल्या त्या पाच सोडल्या. पुढची एक फेरी थांबायची ती न थांबता शर्यत लगेच सुरू केली. एक लॅप उरलेला. पाचव्या वळणावर व्हर्स्टापेन आत घुसला आणि जगज्जेता झाला.

खोलीत काय झालं ते मला अजून दिसतं. पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. काकांनी चहाचा कप उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

[दृश्य : पोरगा, मशीनजवळ उभा.]

पोरग्याचं म्हणणं मी तेव्हापासून अनेकदा ऐकलंय, आणि ते फेकून देण्यासारखं नाही. "सेफ्टी कारच्या मागं शर्यत संपली असती तर ती बरोबरीत सोडवलेली कुस्ती झाली असती. वर्षभर दोघं भिडले. लोकांना निकाली कुस्ती बघायची होती की!"

येळ्ळूरच्या यात्रेतल्या कुस्त्या ज्यानं बघितल्यात त्याला हे लगेच कळेल. मोठी जोड लागते, हलगी घुमते, अर्धा तास दोघं एकमेकांना दाबत राहतात, आणि पंच हात वर करून बरोबरीत सोडवतात. त्या वेळी मैदानातून जो सुस्कारा निघतो तो ऐकवत नाही. लोक उन्हात दुपारपासून बसलेले असतात.

काका ऐकून घेतात. मग म्हणतात, "निकाली लावा की. कोण नको म्हणतंय? खरं, जोड सोडताना जे ठरलं त्यावर लावा. एकाच्या पायाखालची माती अर्ध्यात भिजवून निकाल लावायचा नसतो."

आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'. काकांच्या बोलण्यात तो दोन्ही अर्थांनी येतो असं मला वाटतं.

हॅमिल्टनच्या संघानं, मर्सिडीजनं, दोन आक्षेप घेतले, दोन्ही त्याच रात्री फेटाळले गेले. फेब्रुवारीत मासींना पदावरून दूर केलं. मार्च २०२२ मध्ये एफआयएचा, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेचा, अहवाल आला: चूक माणसाकडून झाली, निकाल कायम. नियमातला शब्द बदलला. आधी 'कोणत्याही' मागं पडलेल्या गाड्या असं होतं, ते 'सर्व' गाड्या असं झालं. पोरगा म्हणाला, निकाल कायम, कुंदा आणा. काका म्हणाले, चूक झाली असं तेच म्हणतात, मग कुंदा कशाचा? सीमाभागातल्या माणसाला निकालाचं ताटकळणं नवं नाही. इथला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. कागदावरचा एकेक शब्द किती जड असतो, हे या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात पोरग्यानं लिहून ठेवलं : '२०२१ – कुंदा १ किलो – येणे.'

[दृश्य : काकांचे हात. गेज.]

हे बघा. हे प्लग गेज, भोकाचं माप तपासायचं. एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो गो'. जॉबच्या, म्हणजे घडवलेल्या भागाच्या, भोकात गो टोक आत गेलं पाहिजे आणि नो गो टोक अडलं पाहिजे. नो गो जरासंही शिरलं तर जॉब रिजेक्ट. तिथं बोलणी नाहीत. काका गेज दाबत नाहीत, हे नीट बघा. दोन बोटांत धरतात आणि त्याच्याच वजनानं खाली सोडतात. नवा पोरगा जोर लावतो, तेव्हा त्याच्या हातावर चापट बसते. "जोर लावून बसवलेलं गेज खोटं बोलतं."

फॉर्म्युला वनच्या गाडीखाली एक फळी असते. १९९४ मध्ये इटलीतल्या इमोलाला रात्झेनबर्गर आणि सेना हे दोन ड्रायव्हर लागोपाठच्या दोन दिवसांत गेले, त्यानंतर त्याच वर्षी ती आली. गाडी जितकी जमिनीला चिकटून पळेल तितकी वळणावर वेगवान, म्हणून सगळे ती खाली खाली नेत होते. फळी १० मिलिमीटर जाड. शर्यत संपल्यावर ठरलेल्या जागी किमान ९ मिलिमीटर उरली पाहिजे. म्हणजे हेही एक गेजच.

आता नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. लास वेगास. या वेळी काकांनी नॉरिसवर कुंदा लावला होता, पोरगा आपला व्हर्स्टापेनवर. आमच्याकडे रविवारची सकाळ होती. व्हर्स्टापेन जिंकला, नॉरिस दुसरा. नॉरिसची व्हर्स्टापेनवरची आघाडी ४२ गुणांची, पैज जवळजवळ खिशात. काही तासांनी पुतणीचा फोन आला. नॉरिसच्या मॅक्लारेन संघाच्या दोन्ही गाड्या बाद. नॉरिसची फळी एका ठिकाणी ८.८८ मिलिमीटर भरली होती.

०.१२ मिलिमीटर. वहीची दोन पानंसुद्धा नाहीत. मुद्दाम केलं नाही, हेही पंचांनी मान्य केलं होतं. आघाडी ४२ वरून २४ वर आली.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. वाटलं होतं, चिडले असतील. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. विचारलं, "काका, एवढ्याशासाठी?" त्यांनी पाइप खाली ठेवला. "मग केवढ्यासाठी बाद करायचं ते तू सांग. माझ्या लेथवर १२० मायक्रॉन म्हणजे जॉब मोडीत. बरोबर केलं त्यांनी."

मी फॅन पुष्कळ बघितलेत. आपला माणूस बाद झाल्यावर 'बरोबर केलं' म्हणणारा हा एकच.

अशाच मापानं जुलै २०२४ मध्ये मर्सिडीजचा रसेल बाद झाला होता. स्पाला एकाच पिट स्टॉपवर, झिजलेल्या टायरवर त्यानं शर्यत काढली, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. मग वजन झालं : ७९६.५ किलो. हवं होतं ७९८. दीड किलो कमी, म्हणून विजय हॅमिल्टनला. हॅमिल्टन काकांचा लाडका, तरी त्या रात्री काका रसेलबद्दल हळहळत होते. हळहळ वेगळी आणि हिशेब वेगळा. ही दोन्ही एका माणसात नांदू शकतात, हे मी या खोलीत शिकलो.

[दृश्य : तवंदी घाट. उसाची ट्रॉली, मागं गाड्यांची रांग.]

डीआरएसवरून (क्रिकेटमधलं नव्हे, गाडीच्या मागच्या पंखाचं) मात्र खोलीत कायम दोन तट. २०११ मध्ये आलं ते. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत पोहोचलात की ठरलेल्या पट्ट्यात मागच्या पंखाची झडप उघडायची, हवेचा अडथळा कमी, वेग जास्त. कारण खरंच होतं : पुढच्या गाडीनं ढवळलेल्या हवेत मागची गाडी वळणावर जमिनीला धरतच नाही. तवंदी घाटात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेल्या माणसाला विचारा, मागून काहीच करता येत नाही म्हणजे काय ते. पण पुतणीला ते कधी पटलं नाही. "सरळ रस्त्यावर आयतं पुढं जायचं, याला ओव्हरटेक कशाला म्हणायचं?" २०२६ च्या नियमांनी डीआरएस काढलं. आता पंखच हलतात, जवळ पोहोचलेल्याला जादा वीज मिळते, ताकदीचा जवळजवळ निम्मा वाटा बॅटरीचा. पुतणीचा वाद संपलेला नाही. मला तिचं पटतं. मात्र नियम सगळ्यांना तोच आहे, म्हणून मी टीव्ही बंद करत नाही.

[दृश्य : मामा, निपाणीजवळच्या माळावर.]

मामांकडे वळतो. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा मामांनी बैल विकले नाहीत, शर्यतीविना पोसले. पुढं कर्नाटक, महाराष्ट्र, तामिळनाडूनं कायदे केले आणि १८ मे २०२३ ला कोर्टानं ते वैध ठरवले. आता अटी आहेत. काठी, चाबूक, शेपूट पिरगाळणं, सगळं बंद. "सुरुवातीला वाटलं, मजाच गेली," मामा सांगतात. "आता तसं वाटत न्हाई. बैल मनानं पळतो का न्हाई ते आत्ता कळतं."

फॉर्म्युला वनमध्ये २०१८ ला 'हेलो' आला तेव्हाही लोक हेच म्हणत होते. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची ती टायटॅनियमची कमान. गाडी कुरूप झाली, उघड्या गाडीचा थरार गेला. रोमाँ ग्रोजाँ हा ड्रायव्हर स्वतः आधी तिच्या विरोधात होता. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये पहिल्याच लॅपला त्याची गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेट घेतला. कठड्याचं लोखंड त्याच्या डोक्यावर यायचं ते कमानीनं अडवलं. २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून बाहेर आला, भाजलेल्या हातांनी, चालत.

त्या २८ सेकंदांत या खोलीत कुणी हललं नाही. मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

[दृश्य : जुन्या ट्रंकेतलं तिकीट.]

काकांनी एकदाच प्रत्यक्ष शर्यत बघितली. ऑक्टोबर २०१३, ग्रेटर नोएडातलं बुद्ध सर्किट. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं गेले, दोन रात्री प्रवासात. फेटेल सलग तिसऱ्यांदा तिथं जिंकला, चौथ्यांदा जगज्जेता झाला आणि गाडी थेट तपासणीला न्यायची ती स्टँडसमोर गोल गोल फिरवली. टायरच्या धुरात उतरून गाडीपुढं वाकला. त्याबद्दल संघाला २५,००० युरो दंड. काका म्हणतात, "दंड बरोबर, आणि नाचणंही बरोबर. शर्यत संपली होती." करांच्या वादानंतर पुन्हा आपल्याकडे फॉर्म्युला वन आलीच नाही, याचं दुःख मात्र त्यांच्या आवाजात आहे.

एका प्रश्नावर काकाही गप्प होतात. जून २००५, इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर तिथल्या एका बाजूला कललेल्या वेगवान वळणावर तग धरेनात. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी. वळणावर अडथळा घालून वेग कमी करा, ही विनंती नामंजूर. त्या टायरवरच्या १४ गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीनंतर पिटमध्ये शिरल्या, सहाच धावल्या, तिकीट काढून आलेले लोक ओरडत राहिले. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. चौथा आला, पाच गुण. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय ड्रायव्हरच्या नावावर आजवर तेवढेच गुण आहेत.

नियम पाळला गेला आणि शर्यत मेली. मी काकांना विचारलं, इथं काय करायचं? बराच वेळ त्यांनी गेज बोटांत फिरवलं. "जॉब चुकीचा आणला, तो रिजेक्ट. ते बरोबर. खरं, त्या माणसांनी सुट्टी टाकून, पोराबाळांना घेऊन..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही कॅमेरा बंद केला.

[दृश्य : ७ डिसेंबर २०२५. माडी. टीव्हीचा उजेड चेहऱ्यांवर.]

पुन्हा अबू धाबी, पुन्हा शेवटची शर्यत. व्हर्स्टापेन जिंकला. नॉरिस तिसरा आला, आणि तेवढं त्याला पुरलं. ४२३ विरुद्ध ४२१. दोन गुण. सेफ्टी कार नाही, निकाल फिरवणारा निरोप नाही, कागद नाही. पोरगा शेवटचा लॅप उभ्यानं बघत होता. झेंडा पडल्यावर काही न बोलता जिना उतरला, गाडीला किक मारल्याचा आवाज आला. अर्ध्या तासानं आला तो हातात खोका घेऊन. काकांसमोर ठेवला. दोरी काकांनी सोडली, पहिला घास पोरग्याला दिला.

खोका रिकामा झाल्यावर पोरग्यानं फळ्याकडे बोट केलं. काका हसले, मान हलवली, नाही म्हणून.

दर खंडेनवमीला हे वर्कशॉप वरपासून खालपर्यंत धुतलं जातं. लेथ पुसून झेंडूच्या माळा घालतात, गेजना हळदकुंकू लागतं, फळ्याला नवा काळा रंग देतात. रंगाचा ब्रश काकांच्याच हातात असतो. उजव्या कोपऱ्यातलं ते येणं तेवढं ते सोडून देतात.