स्पेसिफिकेशन गप्प बसतं तेव्हा

मंडळी, सुरुवातीला एक वाक्य घेऊ. ‘दोन तापमानांची सरासरी पूर्णांकात दाखवावी.’ स्पेसिफिकेशनमधली, म्हणजे प्रोग्रामने काय करावं हे सांगणाऱ्या मजकुरातली, अशी वाक्यं आपण रोज वाचतो आणि पुढे जातो. आता तापमानं घ्या उणे ३ आणि उणे ४. बेरीज उणे ७, भागिले २. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन तिरक्या रेघांचा पूर्णांक भागाकार वापरला तर उत्तर उणे ४, कारण तिथे उत्तर खालच्या पूर्णांकाकडे सरकतं. जावा या दुसऱ्या भाषेत उणे ३, कारण तिथे अपूर्णांक नुसता छाटला जातो. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणकाला तर दोन्ही उत्तरं चालत होती, कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, बनवणाऱ्याने ठरवायचं. छाटण्याचा नियम पक्का झाला तो १९९९मध्ये.

मूळ वाक्याला दोन्ही उत्तरं मान्य आहेत. मग निवड केली कुणी? ज्याला तापमान बघायचं होतं त्याने केली नाही. प्रोग्रामरनेही बहुधा केली नाही; त्याने भाषा घेतली आणि भाषेबरोबर उत्तर आलं. स्पेसिफिकेशन जिथे गप्प बसतं, तिथे भाषेचं सिमॅन्टिक्स, म्हणजे तिच्या रचनांचा ठरलेला अर्थ, बोलतं, आणि ते आपल्याला विचारून बोलत नाही.

भाषांचे अर्थ तरी पहिल्यापासून काटेकोर कुठे होते? अल्गोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या १९६०च्या अहवालात व्याकरण नेमक्या नियमांत मांडलं होतं, अर्थ मात्र साध्या इंग्रजी गद्यात. १९६७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना त्यातल्या उरलेल्या अडचणीच्या जागांवर वेगळा लेख लिहावा लागला. पुढे होअर, स्कॉट, प्लॉटकिन या संशोधकांनी अर्थ गणितात मांडायच्या वाटा शोधल्या, आणि १९९०मध्ये स्टँडर्ड एमएल या भाषेची संपूर्ण व्याख्या तर्कशास्त्रातल्यासारख्या अनुमानाच्या नियमांत छापली गेली. तीस वर्षं! तीही मोजक्या रचना असलेल्या, माणसानेच घडवलेल्या वस्तूसाठी. स्पेसिफिकेशनला तर बाहेरच्या जगाबद्दल बोलायचं असतं.

म्हणून ‘सगळं गणितात लिहा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. यादी क्रमाने लावायची आहे. नियम लिहिला: ‘उत्तरातली कुठलीही संख्या तिच्या पुढच्या संख्येपेक्षा मोठी नसावी.’ अगदी नेमका नियम. पण काहीही दिलं तरी रिकामी यादी परत करणारा प्रोग्रामही तो पाळतो! दिलेल्या सगळ्या संख्या तितक्याच वेळा उत्तरात हव्यात, हे लिहायचंच राहिलं. ‘यादी लावून द्या’ असं साध्या भाषेत म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात हे आधीच असतं. त्या ढिल्या शब्दांतला हेतू मला फार मोलाचा वाटतो. सिमॅन्टिक्स कितीही काटेकोर असलं तरी तो त्यातून मिळत नाही.

माझा आग्रह एवढाच, की साधं वाक्य तसंच ठेवा आणि त्याखाली अवघड उदाहरण उत्तरासकट लिहा. शून्य, रिकामी यादी, उणे संख्या. ‘उणे ३ आणि उणे ४ असतील तर दाखवावं...’ इथवर लिहून पेन थांबतं. मग कुणीतरी उठून, ज्याला ते तापमान बघायचं आहे त्यालाच जाऊन विचारतं.