कार्लटन म्हणजे कॅनडातलं का?

[दृश्य: पहाट. बर्फाने झाकलेलं मोठं मैदान, मागे वेधशाळेचा घुमट.]

अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, जानेवारी. तापमान उणे एकवीस. या थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी बघता बघता मान टाकते, त्यामुळे बाहेरची दृश्यं तुम्हाला तुकड्यातुकड्यांनीच बघावी लागतील.

समोर घुमट दिसतोय ती गुडसेल वेधशाळा, १८८७ सालची. त्या काळी इथल्या कार्लटन कॉलेजचे विल्यम पेन नावाचे प्राध्यापक ताऱ्यांचे वेध घेऊन अचूक वेळ काढायचे आणि ती तारायंत्राने रेल्वे कंपन्यांना कळवायचे. हजारो मैलांच्या लोहमार्गावरची घड्याळं या गावावरून लागायची. याच पेन यांनी इथून खगोलशास्त्राचं मासिक काढलं. पुढे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल त्यांच्या जोडीला आले, मासिकाचं रूप बदलत गेलं आणि त्यातूनच १८९५ साली ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ उभं राहिलं. या विषयात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्यात लेख छापून येणं म्हणजे काय असतं ते.

[दृश्य: घुमटाच्या आत. दुर्बिणीची लांब नळी, खालून वर.]

ही १६.२ इंची भिंगाची दुर्बीण. भिंग जॉन ब्रॅशिअर यांच्या हातचं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आभाळ मोकळं असेल तर, गावातल्या कुणीही यावं आणि डोळा लावावा. आम्ही गेलो त्या शुक्रवारी आभाळ गच्च भरलेलं. तेव्हा दुर्बिणीतून काय दिसतं ते आमच्याकडे नाही. दुर्बीण मात्र भरपूर आहे, बघून घ्या.

[दृश्य: कॉलेजची पाटी.]

कार्लटन कॉलेज, नॉर्थफील्ड. मिनिआपोलिसपासून दक्षिणेला गाडीने पाऊण तास. विद्यार्थी सगळे मिळून सुमारे दोन हजार. पुण्यातल्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात एवढी मुलं नुसत्या अकरावी-बारावीला असतात.

आपल्याकडे हे नाव घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला : कॅनडातलं का? नाही. ओटावाची कार्लटन युनिव्हर्सिटी वेगळी, हे वेगळं. “मुलगी अमेरिकेत असते, कार्लटनला,” असं लग्नाच्या पंगतीत सांगितलं की समोरचे काका “हो का, वा!” म्हणतात आणि जिलबीकडे वळतात. स्टॅनफर्ड म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःच्या मुलाचे मार्क सांगायला घेतले असते.

इथे इंजिनिअरिंग नाही, मेडिकल नाही, एमबीए नाही, पीएचडीही नाही. चार वर्षांची पदवी, बस्स. भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर, इतिहास, भाषा, अर्थशास्त्र यांतलं काय घ्यायचं ते दुसरं वर्ष संपेपर्यंत ठरवायचं. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे पेपर तपासायला संशोधक विद्यार्थी हाताशी असतात. इथे ते नाहीतच. मग वर्गात शिकवतो कोण आणि पेपर तपासतो कोण? प्राध्यापक. स्वतः.

[दृश्य: गावातला मुख्य रस्ता, कॅनन नदीवरची गिरणी, धुराडं.]

गावाचं बोधवाक्य पाटीवरच लिहिलंय : गाई, कॉलेजं आणि समाधान. कॉलेजं दोन. नदीपलीकडच्या टेकडीवर सेंट ओलाफ, अलीकडे कार्लटन. १९७७ साली या दोघांनी मीटरमध्ये मोजलेल्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळला. यार्डाचा देश तो, पुन्हा कुणी ते धाडस केलं नाही. कार्लटन ४३-० ने हरलं. ही माल्ट-ओ-मील या न्याहारीच्या धान्याची जुनी गिरणी. वास कॅमेऱ्यात येत नाही म्हणून सांगतो, वारा इकडचा असेल तर गावभर घरात भाजणी भाजायला घेतल्यासारखा खमंग दरवळ सुटतो.

[दृश्य: जुन्या बँकेची इमारत, आतला काउंटर, भिंतीवरचं घड्याळ.]

आता ही बँक. कॉलेजच्या गोष्टीत बँक कशाला, असं वाटेल. थोडं थांबा.

कॉलेज सुरू झालं १८६६ साली, चर्चच्या मंडळींच्या पुढाकाराने. पैसा नव्हता. पहिले अध्यक्ष जेम्स स्ट्राँग देणग्या मागत पूर्वेकडे हिंडत होते. त्या फिरतीत रेल्वेच्या अपघातात सापडले आणि जबर जखमी होऊनही वाचले. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम कार्लटन नावाच्या उद्योजकाने १८७१ मध्ये पन्नास हजार डॉलर दिले, तेही कसली अट न घालता. म्हणून कॉलेजला त्यांचं नाव.

पुढे पाच वर्षांनी, ७ सप्टेंबर १८७६ रोजी, दरोडेखोर जेसी जेम्सची टोळी या बँकेवर चालून आली. काउंटरमागे होते जोसेफ ली हेवूड, तेव्हाचे हंगामी रोखपाल. पिस्तूल डोक्याला लावलं, गळ्यावर सुरी फिरवली, तरी त्यांनी तिजोरी उघडून दिली नाही. त्यांना तिथेच गोळी घातली. तोवर बाहेर गावकऱ्यांनी बंदुका काढल्या होत्या. काही मिनिटांत टोळीचे दोघे रस्त्यात पडले, बाकीचे पळाले आणि ती टोळी पुन्हा कधी सावरली नाही. हे हेवूड कार्लटन कॉलेजचे खजिनदारही होते. दर सप्टेंबरात गावकरी घोड्यांवर बसून हा सगळा प्रसंग रस्त्यावर उभा करतात. आम्ही जानेवारीत गेलो, त्यामुळे घोडे नाहीत.

[दृश्य: लाकडी घर, धूर सोडणारं धुराडं. मग स्वयंपाकघर.]

हे डेसी मोझेस यांचं घर. कॉलेजात नोकरीला होत्या. दार कायम उघडं, रविवारी सकाळी मुलांना खायला, मागे पत्त्यांचा डाव. १९८१ साली, नव्वदी कधीच ओलांडलेली असताना त्या गेल्या आणि जाताना घर कॉलेजला देऊन गेल्या. तेव्हापासून कुणीही विद्यार्थी इथे केव्हाही येऊन कुकी भाजू शकतो. मैदा, साखर, लोणी, चॉकलेटचे तुकडे सगळं कॉलेजकडून. खाऊन झालं की भांडी घासून जायचं.

बघा, हा मुलगा लोणी वितळायची वाट बघायला तयार नाही, थेट बोटांनीच साखरेत कालवतोय. ओट्यावर मैद्याचे ठसे. मागे टेबलाशी एकीचा लॅपटॉप उघडा, पडद्यावर कसलीतरी समीकरणं, आणि मैदा उडू नये म्हणून कीबोर्डवर टॉवेल. पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा आठ हात एकदम पुढे आले. त्यातले दोन आमच्या कॅमेरामनचे.

[दृश्य: गोल टेबल, चौदा मुलं, फळ्यावर नकाशा.]

शिकवणं कसं चालतं? वर्षाच्या तीन सत्रांत. सत्र दहा आठवड्यांचं, एका वेळी विषय तीन. दहा आठवडे ऐकायला बरे वाटतात; तिसऱ्या आठवड्यात पहिला निबंध, पाचव्यात परीक्षा आणि आठव्यात झोप उडालेली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला आपल्या विषयात मोठं काम पूर्ण करावं लागतं. त्याला इथे सगळे ‘कॉम्प्स’ म्हणतात. कुणी प्रबंध लिहितं, कुणी प्रयोग मांडतं, आणि मग विभागासमोर उभं राहून उत्तरं द्यायची.

ही सांगलीची मुलगी, जीवशास्त्राची. नाव घालू नका म्हणाली. कॉलेजच्या मालकीचं सुमारे आठशे एकरांचं रान आहे, मुलं त्याला ‘आर्ब’ म्हणतात. तिथे पूर्वीचं गवताळ माळरान पुन्हा उभं करायचं काम चालतं, त्यासाठी ठरवून वणवा लावतात. जळलेल्या तुकड्यात कुठली रोपं आधी येतात, याची मोजणी हिच्या कॉम्प्सला. आम्ही तिच्या मसुद्याचं तिसरं पान जवळून घेतलंय. समासात सरांची पेन्सिल : “हे तुला कशावरून वाटलं?” खाली तिचं उत्तर. त्याखाली पुन्हा पेन्सिल : “मग आकडे तसं का म्हणत नाहीत?” अख्खं पान असं भरलेलं. आमच्या पदवीच्या तीन वर्षांत कुठल्या सरांनी आमचा एक परिच्छेद असा वाचला असेल, तर आम्हाला तरी आठवत नाही.

[दृश्य: ग्रंथालय, चौथा मजला नको, तळातली कपाटं घ्या. देवनागरी पुस्तकांचे कणे.]

आणि आता ज्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो ते. हे गूल्ड ग्रंथालय. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन आलेले लॉरेन्स गूल्ड पुढे या कॉलेजचे अध्यक्ष झाले, त्यांचं नाव. कणे वाचा : चोखामेळा. एकनाथ. आंबेडकर.

एलिनॉर झेलियट इथे इतिहास शिकवायच्या, १९६९ पासून १९९७ पर्यंत. १९६०च्या दशकात त्या पुण्यात येऊन राहिल्या, मराठी शिकल्या, बाबासाहेबांच्या चळवळीत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांना भेटल्या, त्यांच्याकडची पत्रकं आणि आठवणी गोळा केल्या. १९६९ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध पूर्ण केला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तेव्हा या विषयाकडे कुणी फारसं वळत नव्हतं. पुढे चोखोबांचे अभंग, नाथांची भारुडं, दलित कविता यांवर त्या लिहीत राहिल्या, भाषांतरं करत राहिल्या. २०१६ मध्ये त्या गेल्या.

बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या चळवळीचा इतिहास जिने अमेरिकेत जन्मभर शिकवला, ती बाई उणे एकवीसच्या या गावात, वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात शिकवत होती. मिनेसोटातल्या शेतकऱ्याच्या पोरांना चोखोबा कोण हे तेव्हा कळत होतं. आपल्याला कार्लटन कुठलं हे अजून विचारावं लागतं.

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या अशा छोट्या कॉलेजांनी मिळून पुण्यात एक अभ्यासक्रमही चालवला. मुलं पुण्यातल्या घरांत राहायची, मराठी शिकायची, आपापला विषय धरून गावभर हिंडायची. झेलियटबाईंनी त्याचीही धुरा वाहिली. या मुलांचे फोटो आम्हाला मिळाले नाहीत. तुमच्या घरी कुणी राहिलं असेल तर अल्बम उघडा आणि आम्हाला पाठवा.

[दृश्य: भराभर, छायाचित्रं.]

इथून शिकून गेलेल्यांची यादी लांब आहे, दोघांपुरतं थांबतो. दिखाऊ खर्चाची मीमांसा करणारे अर्थतज्ज्ञ थोर्स्टाइन व्हेब्लेन, १८८०ची तुकडी, जवळच्याच शेतावरचा मुलगा. आणि मेरी-क्लेअर किंग, ज्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका आनुवंशिक असू शकतो हे दाखवून बीआरसीए-१ या जनुकाची गुणसूत्रावरची जागा शोधली. पदवी गणिताची, इथली.

[दृश्य: मैदानावरचा बर्फाचा स्केटिंग रिंक. मुलं बूट घालून, हातात झाडूसारख्या काठ्या घेऊन चेंडू टोलवताहेत.]

राहिला पैशाचा प्रश्न. वर्षाचा खर्च राहण्या-जेवणासकट ऐंशी हजार डॉलरच्या पुढे. प्रवेश मिळालेल्याची जेवढी आर्थिक गरज कॉलेज मान्य करतं, तेवढी भागवतं. पण परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेशाची चाळण बारीक होते, हे अर्ज भरण्याआधीच घरात बसून बोला. परत येऊन नोकरी शोधताना मुलाखतीत कॉलेजचं नाव दोनदा सांगावं लागेल, तेही धरून चाला. नेहमीच्या फेरीच्या अर्जाची मुदत १५ जानेवारी.