मात्रा तीच, उंदीर बदललेला

(दृश्य : पुणे-सोलापूर महामार्ग, चिंचोळी औद्योगिक वसाहतीचे वळण.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या एका कारखान्यात मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सर्रास ‘एमडी’ म्हणतात तो अमली पदार्थ, तयार होत असल्याचे मुंबई पोलिसांनी उघडकीस आणले आणि चादरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरचे नाव वेगळ्याच कारणाने गाजले. माल किती कोटींचा, यापेक्षा असा पदार्थ पुन्हा पुन्हा शरीरात गेल्यावर वागणे कसे बदलते, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

(दृश्य : फार्मसीची प्रयोगशाळा, ॲक्टोफोटोमीटर.)

ही चौकोनी पेटी फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. तिच्यातून आरपार प्रकाशकिरण जातात. उंदीर फिरताना किरण तुटला की आकडा एकाने पुढे सरकतो.

मेफेड्रोनसारखीच उत्तेजके असलेल्या ॲम्फेटामीन किंवा कोकेनची थोडी मात्रा दिली की उंदीर नेहमीपेक्षा जास्त धावतो. अनेक औषधांची शरीराला सवय होते आणि परिणाम ओसरत जातो. पण ही उत्तेजके मध्ये खंड ठेवून दिली, तर तीच मात्रा प्रत्येक खेपेला अधिक जोराने लागू पडते. याला वर्तनाचे संवेदीकरण म्हणतात. मात्रा मोठी असेल, तर पुढे धावणेच थांबते. उंदीर एका कोपऱ्यात खिळून तोच बोटभर भाग हुंगत राहतो, मान एकाच तालात खाली-वर करतो, जाळी कुरतडतो. अशा वेळी यंत्रावरचा आकडा उतरतो आणि नवख्याला वाटते, परिणाम संपला. म्हणूनच आकड्यासोबत प्राण्याकडे डोळ्यांनी पाहत राहणे अत्यावश्यक असते.

हा बदल टिकाऊ असतो. ॲम्फेटामीन बंद केल्यावर वर्षभराने दिलेल्या मात्रेलाही उंदरांनी वाढीव प्रतिसाद दिल्याचे नोंदले गेले आहे, आणि उंदराचे आयुष्यच मुळी दोन-तीन वर्षांचे! १९९७ मध्ये रॉबिन्सन आणि कोल्ब या संशोधकांनी दाखवले की, अशा उंदरांच्या मेंदूत, जिथे डोपामाइन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे संदेश पोहोचतात त्या भागात, चेतापेशींच्या शाखांवरील सूक्ष्म काटे, म्हणजे इतर पेशींचे संदेश घेणारे उंचवटे, वाढलेले असतात.

शिवाय जागेचाही संबंध असतो. ज्या पेटीत मात्रा मिळत आली तिथे संवेदीकरण ठळक दिसते. अनोळखी पेटीत ते पुष्कळदा दिसतही नाही.

(दृश्य : सोलापूरच्या पूर्व भागातील गल्ली, संध्याकाळ, यंत्रमागांचा आवाज.)

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे ध्यानात ठेवूनही आम्हाला वाटते की, व्यसनावर उपचार घेऊन घरी परतलेला मुलगा, जिथे पूर्वी नशा करी त्या जुन्या कोपऱ्यावर पोहोचताच अस्वस्थ होतो, तेव्हा त्याला ‘मनाचा कच्चा’ म्हणणे अन्यायाचे आहे.

(दृश्य : आलेखचित्र, दोन कळा असलेली पेटी.)

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मेथॅम्फेटामीन हे ॲम्फेटामीनच्याच कुळातील उत्तेजक स्वतःहून घ्यायला शिकलेल्या उंदरांसमोर दोन कळा ठेवल्या होत्या. एक दाबली की मात्रा मिळे; दुसरी दाबली की दार उघडून पलीकडचा उंदीर भेटे. त्यांनी जवळजवळ नेहमीच सोबतीची कळ निवडली. पण कळ दाबल्यावर दार उघडायला उशीर होऊ लागला, तसे ते पुन्हा मात्रेच्या कळेकडे वळू लागले.