सैनिकांची बँक आणि कार्डाचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका बाईंचा मुलगा तिथल्या भूदलात भरती झाला. सैनिकांच्या बँकांची क्रेडिट कार्डे फायद्याची असतात, असे बाईंच्या कानावर आले होते. म्हणून ‘मुलगा सैन्यात आहे, तर आम्हा आईवडिलांना ते कार्ड मिळेल का?’ असे त्यांनी मला विचारले. प्रश्न एका ओळीचा होता, पण अशा दोन मोठ्या संस्थांकडे त्याची दोन वेगळी उत्तरे आहेत.

पहिली संस्था यूएसएए. १९२२ साली टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरातल्या गुंटर हॉटेलात २५ लष्करी अधिकारी जमले आणि त्यांनी एकमेकांच्या मोटारींचा विमा आपणच उतरवायचे ठरवले, कारण आज इथे तर उद्या तिथे बदली होणाऱ्या माणसाचा विमा उतरवायला त्या काळच्या कंपन्या नाखूश असत. या संस्थेची बँक पुष्कळ नंतरची, १९८३ सालची. पण आपसातल्या माणसांनी आपसात सांभाळून घ्यायचे हा मूळचा स्वभाव सभासदत्वाच्या नियमांत अजून दिसतो. सेवेत असलेले सैनिक, राखीव दले व नॅशनल गार्ड या राज्यांच्या सैन्यदलातील मंडळी, सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेले माजी सैनिक, त्यांचे पती किंवा पत्नी, आणि सभासदांची मुले यांना तिथे प्रवेश आहे. हा हक्क वडिलांकडून मुलाकडे उतरतो. मुलाकडून आईवडिलांकडे चढत नाही. उतरतानाही वडील किंवा आई स्वतः सभासद झालेले असावे लागतात. वडिलांनी वीस वर्षे सैन्यात काढली, पण सभासद होण्याचे कधी मनावर घेतले नाही, तर या कामी मुलाला त्यांचा गणवेशातला फोटो उपयोगी पडत नाही.

दुसरी संस्था नेव्ही फेडरल क्रेडिट युनियन. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडची पगारदार नोकरांची पतसंस्था, असे समजले की तिची रीत चटकन उमगते. १९३३ साली नौदल खात्यातल्या सात कर्मचाऱ्यांनी ती काढली. पुढे भूदल, हवाईदल आणि इतर दलांनाही तिची दारे उघडली, आणि संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारीही सभासद होऊ लागले. इथे नाते वर, खाली आणि आडवेही चालते: आईवडील, आजीआजोबा, भावंडे, मुले, नातवंडे, इतकेच काय, सैनिकाच्या घरात राहणारी माणसेही पात्र ठरतात. बचत खात्यात किमान पाच डॉलर ठेवावे लागतात. आपल्या पतसंस्थेत भाग घेतल्यावाचून जसे सभासद होता येत नाही, तसेच हे.

‘मग पाच डॉलरांत कार्ड!’ असे बाई आनंदाने म्हणाल्या. बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. तुम्ही कोणाचे कोण आहात, एवढेच सभासदत्वासाठी पाहतात, आणि ते सैनिकाच्या वेतनपत्रकावरून किंवा सेवामुक्तीच्या डीडी २१४ या फॉर्मवरून ठरते. त्या फॉर्मच्या २४ व्या रकान्यात सेवा कोणत्या शेऱ्यासह संपली, ते लिहिलेले असते. कार्ड देताना मात्र तुमची पत पाहिली जाते: स्वतःचे उत्पन्न किती, आधीची देणी किती, हप्ते वेळेवर गेले का, नवी कर्जे किती घेतली. पत दाखवणारा, ३०० ते ८५० या पट्टीवर मोजला जाणारा फायको गुणांक यातले उत्पन्न सोडून बाकीच्या गोष्टींवरून निघतो, आणि त्यात वेळेवर फेडीला सर्वांत जास्त, म्हणजे ३५ टक्के वजन असते. भारतात तुम्ही तीस वर्षे एकही हप्ता चुकवला नसला, तरी तो हिशेब या गुणांकात येत नाही. अर्जदार २१ वर्षांखालचा असेल, तर २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याला स्वतःचे उत्पन्न दाखवावे लागते किंवा सहकर्जदार आणावा लागतो. म्हणून अधिकारी होण्याचे शिक्षण घेणाऱ्या कॉलेजातल्या मुलाला सभासदत्व मिळाले, तरी कार्ड मिळेलच असे नाही.

व्याजाचेही थोडे सांगतो, कारण या कार्डांचे खरे वेगळेपण तिथे आहे. नेव्ही फेडरलसारख्या, केंद्रीय परवान्यावर चालणाऱ्या क्रेडिट युनियनला सध्या कर्जावर १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज आकारता येत नाही. सेवेत असलेला सैनिक आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पती-पत्नी व मुले यांना २००६ च्या सैनिकी कर्ज कायद्याचे संरक्षण आहे. त्यानुसार व्याज आणि ठरावीक शुल्के मिळून वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा कोणत्याही बँकेवर आहे, आणि २०१७ पासून ती क्रेडिट कार्डांनाही लागू झाली. आणखी एक तरतूद फार कमी लोक वापरतात. सक्रिय सेवेत जाण्याआधी घेतलेल्या कर्जाचे व्याज, कार्डाची थकबाकी धरून, सेवेच्या काळात ६ टक्क्यांवर आणता येते. मात्र ते आपोआप होईल असे धरून चालू नये, बँकेला लेखी कळवून सैन्यसेवेच्या हुकुमाची प्रत द्यावी लागते आणि त्यासाठी सेवा संपल्यावर १८० दिवसांपर्यंत मुदत असते. भरती होऊ घातलेल्या मुलाच्या घरी ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

आता पुन्हा बाईंकडे येतो. त्यांना पूर्वी एका बँकेने कार्ड नाकारले होते, आणि ते पत्र त्यांनी रागाने फाडून टाकले होते. पत्र तेवढे फाडायला नको होते, कारण नकाराचे कारण कळणे हा तिथे अर्जदाराचा हक्क आहे, आणि त्या पत्रानंतर ६० दिवसांत पतअहवालाची, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींची, प्रत फुकट मागवता येते. आम्ही अहवाल मागवून पाहिला, तर घरातली सगळी कार्डे यजमानांच्या नावावर होती आणि बाईंच्या स्वतःच्या नावावर काहीच नव्हते. मुलाच्या नात्याने त्या नेव्ही फेडरलच्या सभासद झाल्या, आणि नेहमीच्या कार्डाऐवजी ठेव ठेवून मिळणाऱ्या कार्डासाठी त्यांनी अर्ज केला. त्यात दोनशे डॉलर ठेव ठेवावी लागते आणि खर्चाची मर्यादा त्या ठेवीवरूनच ठरते. आता त्या महिन्याला एकदा त्यावर किराणा आणतात आणि बिल आले की त्याच संध्याकाळी पूर्ण भरून टाकतात.